पेशीचा श्वास आणि वालाचा दाणा

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे पावसाचे पाणी अडवून ते घाटाखाली सोडावे आणि त्या पतनाच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, हा जमशेटजी टाटांचा संकल्प त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी मूर्त स्वरूप घेऊ लागला, आणि 8 फेब्रुवारी 1911 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास त्या योजनेतील धरणाची कोनशिला बसविली. चार वर्षांनी, 1915 साली, त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, आजच्या शिळफाट्यापासून जवळच, खोपोलीचे वीजघर सुरू झाले. जमशेटजींचा दुसरा मोठा संकल्प बंगलोर येथील विज्ञान संस्थेचा होता आणि तिच्यात पहिले विद्यार्थी रुजू झाले तेही 1911 मध्येच. त्याच वर्षी 18 जूनला इंदूर येथे नारायणराव भागवत यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. नारायणराव आणि त्यांचे बंधू माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या त्याच संस्थेत शिकलेले होते, आणि घरच्या ज्येष्ठांनी जेथे विद्या संपादन केली तेथेच आपणही शिकावे, ही आकांक्षा त्या मुलीच्या ठायी बालवयापासून रुजली. ही मुलगी म्हणजे कमला भागवत, विवाहानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. सजीव पेशीच्या अंतर्भागात काय चालते, या प्रश्नाच्या इतिहासात एका मराठी स्त्रीचे नाव कसे दाखल झाले आणि तो प्रश्न पुढे कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याच्या ताटापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे क्रमाने सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

कमलाबाई जन्मल्या त्या काळी पेशीचे बाह्यरूप विज्ञानास ठाऊक झाले होते, तिचे व्यवहार मात्र बहुतांशी अज्ञात होते. रॉबर्ट हूक याने 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकाम्या कोठड्यांची रचना पाहिली. रॉबर्ट ब्राउन याने 1831 मध्ये वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. श्लायडेन आणि श्वान यांनी 1838-39 मध्ये वनस्पती आणि प्राणी या दोहोंची शरीरे पेशींचीच बनलेली आहेत असा सिद्धान्त मांडला. आणि प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिष्ठित केले. शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाची भिंगे आणि रंजकद्रव्ये सुधारली, तेव्हा केंद्रकाभोवतीच्या द्रव्यात आणखी घटक दिसू लागले. कामिल्लो गॉल्जी याने 1898 मध्ये चेतापेशींत एक जाळीदार रचना पाहिली, आणि त्याच वर्षी कार्ल बेंडा याने सूत्रांसारख्या व कणांसारख्या ज्या सूक्ष्म अंगकांना नाव दिले, त्यांस आज आपण तंतुकणिका म्हणतो. परंतु एखाद्या कारखान्याचा नकाशा हाती यावा आणि कोणत्या दालनात कोणता जिन्नस तयार होतो हे मात्र कळू नये, तशी ही स्थिती होती. अंगके दिसत होती, त्यांची कार्ये दिसत नव्हती.

या अज्ञाताचा सर्वांत मोठा भाग श्वसनाचा होता. आपण छातीत हवा घेतो, रक्त ती सर्व शरीरभर पोहोचविते, इतके ज्ञात होते. पण पेशीत पोहोचल्यावर त्या प्राणवायूचे काय होते आणि अन्नातील शक्ती त्याच्या साह्याने कशी मुक्त होते, हे गूढच होते. चार्ल्स मॅकमन नावाच्या एका वैद्याने 1880 नंतरच्या दशकात प्राण्यांच्या ऊतींवर वर्णपटदर्शक लावून काही विशिष्ट काळ्या पट्ट्या पाहिल्या आणि हे श्वसनाशी संबंधित रंगद्रव्य असावे असे प्रतिपादन केले. परंतु त्या वेळच्या एका प्रतिष्ठित जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते अमान्य केले आणि मॅकमनचे काम विस्मृतीत गेले. पुढे 1925 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांना कीटकांच्या स्नायूंत, यीस्टमध्ये आणि काही वनस्पतींच्या ऊतींतही त्याच पट्ट्या दिसल्या. पेशीला प्राणवायू मिळाला की त्या पुसट होत आणि तो तोडला की पुन्हा गडद होत. या रंगद्रव्यांना त्यांनी सायटोक्रोम हे नाव दिले आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे त्यांचे तीन प्रकार वेगळे केले. रक्तातील हिमोग्लोबिनप्रमाणे यांच्याही अंतर्यामी लोहाचा अणू असतो. प्राण्यांच्या पेशींतील श्वसनाचा धागा असा हाती लागला. वनस्पतींचा प्रश्न मात्र अजून वादग्रस्तच राहिला.

त्यास कारणही तसेच होते. कापलेला बटाटा थोड्याच वेळात काळवंडतो, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. बटाट्यातील एक वेगळेच विकर प्राणवायूशी संयोग घडवून आणते, त्याचा तो परिणाम होय. तेव्हा वनस्पतींचे श्वसन मुख्यतः अशाच विकरांच्या द्वारे चालत असावे आणि सायटोक्रोमचा मार्ग हा प्राण्यांचा असावा, असे मानण्यास पुष्कळ जागा होती. सजीव सृष्टीच्या दोन महाशाखांचे अंतरंग एक की भिन्न, असा हा प्रश्न होता.

इकडे कमला भागवत यांनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवली आणि बंगलोरच्या संस्थेकडे प्रवेशाचा अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. तीन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झालेला होता. अर्ज नामंजूर झाला आणि त्याचे कारण एवढेच होते की अर्जदार स्त्री होती. बावीस वर्षांची ती तरुणी बंगलोरला गेली, संचालकांच्या दप्तरासमोर ठाण मांडून बसली आणि नकाराचे कारण लेखी मिळावे असा आग्रह तिने धरला. अखेर प्रवेश मिळाला तो शर्तींवर: पहिले वर्ष परीक्षार्थ समजले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेचे वातावरण आपल्या उपस्थितीने बिघडू देता येणार नाही. कमलाबाईंनी शर्ती कबूल केल्या, परंतु स्त्रीत्वामुळे झालेला तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. वर्षाच्या अखेरीस रामन यांचे समाधान झाले, कमलाबाईंचा प्रवेश कायम झाला आणि त्यानंतर संस्थेचा दरवाजा इतर स्त्रियांसाठीही उघडला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि 1936 मध्ये एम.एस्‌सी. ही पदवी संपादन केली. सामान्य माणसाच्या अन्नाकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची त्यांची जन्मभराची वृत्ती येथेच घडली, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांच्या आधाराने 1937 च्या डिसेंबरात त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल त्यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले होते. आरंभी कमलाबाईंनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले आणि ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींचा अभ्यास हाती घेतला. हिल यांनी केलिन यांच्यासमवेत सायटोक्रोम ‘क’ शुद्ध करण्याचे काम पूर्वीच केले होते, आणि याच सुमारास ते हरितलवकांवर तो प्रयोग करीत होते, ज्यात पानापासून वेगळी काढलेली ही हिरवी अंगके प्रकाशात प्राणवायू सोडतात असे दिसून आले. म्हणजे वनस्पतीच्या पेशीत प्राणवायू निर्माण करणारे अंगक एका बाजूस आणि प्राणवायूचा विनियोग करणारी यंत्रणा दुसऱ्या बाजूस, अशा दोन्ही टोकांचे संशोधन त्या एकाच प्रयोगशाळेत चालले होते.

कमलाबाईंनी बटाट्यापासून आरंभ केला. त्या कंदाच्या ऊतीत त्यांना सायटोक्रोम ‘क’ सापडले. इतर वनस्पती तपासल्या, तेव्हा त्यांच्याही पेशींत हेच द्रव्य श्वसनाच्या कामी नियुक्त असल्याचे दिसून आले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ या विकरावरील हिल आणि भागवत यांचे टिपण 1939 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अवघ्या चौदा महिन्यांत काम पुरे झाले होते आणि प्रबंध टंकलिखित चाळीस पृष्ठांचा होता. तो मान्य होऊन त्या विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक ठरल्या. चाळीस पृष्ठे ही अल्प वाटतील. परंतु त्यांतील निष्कर्ष असा होता की शेतातील वनस्पती आणि ती पेरणारा माणूस यांच्या पेशी श्वसनाच्या अखेरच्या पायऱ्या एकाच पद्धतीने चढतात.

सायटोक्रोम ‘क’ नेमके करते काय, याचा उलगडा पुढील चाळीस-पन्नास वर्षांत झाला. केनेडी आणि लेह्‌निंजर यांनी 1948 च्या सुमारास दाखवून दिले की अन्नाचे अंतिम ज्वलन तंतुकणिकेत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जॉर्ज पॅलाडे यांना तंतुकणिकेचे आतील पटल घड्या घालून बसविल्यासारखे दिसले. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन या पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात. सायटोक्रोम ‘क’ आपल्या लोहाच्या अणूवर एका वेळी एक इलेक्ट्रॉन घेऊन तो शेवटच्या विकराकडे पोहोचविते आणि ते विकर तो प्राणवायूस देऊन पाणी निर्माण करते. सायनाइडचे विष याच शेवटच्या विकरास बंद पाडते. हवा असूनही पेशी गुदमरते ती त्यामुळेच.

परंतु या देवघेवीतून शक्ती कशी साठविली जाते? पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये दिलेले उत्तर शिळफाट्याच्या रहिवाशास समजावून सांगणे मुळीच कठीण नाही, कारण त्याचे मोठ्या आकारातील दृश्य तो रोज पाहतो. घाटमाथ्यावरच्या तलावांत साठलेले पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत येते, तेथून नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते, खोपोलीच्या वीजघरातील चक्रे फिरविते आणि मग पाताळगंगेच्या पात्रात जाते. तंतुकणिकेत इलेक्ट्रॉनांच्या प्रवासातून मिळालेल्या शक्तीवर हायड्रोजनचे धनभारित कण पटलाच्या एका बाजूस चढवून साठविले जातात. ते परत येतात तेव्हा त्यांना एका विशिष्ट प्रथिनातूनच वाट मिळते, आणि त्या प्रवाहाने ते प्रथिन खरोखर चक्रासारखे फिरते. त्या फिरण्यातून एटीपी हे द्रव्य तयार होते आणि पेशीतील बहुतेक सर्व कामांचा खर्च त्यातूनच भागतो. मिचेल यांना 1978 मध्ये आणि या फिरत्या प्रथिनाचे स्वरूप उलगडणाऱ्या बॉयर व वॉकर यांना 1997 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कमलाबाईंनी वनस्पतीत ओळखलेले द्रव्य म्हणजे या व्यवस्थेतील पाणी वर चढविणाऱ्या यंत्रणेचा एक अनिवार्य दुवा होय.

केंब्रिजमध्ये राहून याच मार्गाने पुढे जाणे कमलाबाईंना शक्य होते. त्या मात्र 1939 मध्येच स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी नव्या जीवरसायन विभागाची जबाबदारी घेतली. पुढे कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून काम केले. आणि 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईस येऊन रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. येथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी जे विषय निवडले, ते सर्व गरिबाच्या आहारातील होते: कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा.

कडधान्यांपैकी वालाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. कर्जत-खालापूरच्या खाचरांत भाताची कापणी झाली की उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात शेंगा भरून पोपटी लावतात, आणि वाळलेले वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्यांचे बिरडे करतात. डाळी-कडधान्यांत प्रथिने विपुल असूनही ती शरीरास पुरतेपणी का मिळत नाहीत, याचा शोध घेताना कमलाबाईंना आपल्या खाद्यवस्तूंत ट्रिप्सिन या पाचक विकरास रोखून धरणारी द्रव्ये आढळली, आणि 1955 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत वाल आणि डबल बी या दोहोंतून अशी द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी काढल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. हे द्रव्य स्वतः एक प्रथिनच असते. ते ट्रिप्सिनला घट्ट बिलगून त्याचे काम थांबविते. ओलसर उष्णतेने त्याचा प्रभाव बहुतांशी नाहीसा होतो. वाल नीट भिजवून पुरते शिजविण्याच्या, मडक्यातील वाफेवर शेंगा शिजविण्याच्या पिढीजात रीतीला अशा प्रकारे रसायनशास्त्राचा आधार मिळाला.

ज्या ट्रिप्सिनला वालातील हे द्रव्य अडविते, त्याची उत्पत्ती शोधतानाच पेशीच्या उरलेल्या अंगकांचे रहस्य उलगडले, हा या इतिहासातील एक विलक्षण योग आहे. पाचक विकरे तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशी पॅलाडे यांनी अभ्यासासाठी निवडल्या. केंद्रकातील आज्ञेची नक्कल बाहेर येते. रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण तीनुसार प्रथिन गुंफतात. ते प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळ्यांत शिरते. तेथून गॉल्जी पिंडाकडे जाते आणि तेथे त्याची बांधाबांध होऊन पटलाच्या कोशिकांत भरणा होतो. आणि भोजनाची वेळ येताच त्या कोशिका पेशीच्या सीमेस मिळून आपला साठा बाहेर सोडतात. ट्रिप्सिन पेशीत असेपर्यंत निष्क्रिय रूपात ठेवलेले असते, अन्यथा ते स्वतःच्या जन्मदात्या पेशीसच पचवून टाकील. पेशीतील टाकाऊ द्रव्ये पचविणाऱ्या लयकारिकांचा शोध द दूव्ह यांनी 1955 मध्ये, म्हणजे वालावरील निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, जाहीर केला. क्लोद, द दूव्ह आणि पॅलाडे या तिघांस 1974 मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. बेंडा आणि गॉल्जी यांनी केवळ आकृती म्हणून पाहिलेल्या अंगकांना आता आपापली कामे प्राप्त झाली होती.

नीरेवरील कार्य राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. ताडमाडांचा हा ताजा रस आंबण्यापूर्वी घेतल्यास त्यात जीवनसत्त्वे आणि लोह आढळते, आणि आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात त्याची भर घातली असता प्रकृतीत सुधारणा होते, असे या संशोधनातून दिसले. त्याबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. लोहाचा तो अणू अन्नातून मिळाला नाही तर रक्तातील हिमोग्लोबिन घटते, आणि सायटोक्रोमलाही हाच अणू लागतो. तेव्हा केंब्रिजमधील बटाटा आणि नीरेचा पेला यांत विषयांतर नाही, एकाच प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे. पेशीस श्वास घेता यावा म्हणून ताटात काय असले पाहिजे, हा तो प्रश्न होय.

या शोधांचे परिणाम दूरवर पोहोचले. सायटोक्रोम ‘क’ वनस्पती, प्राणी आणि यीस्ट या सर्वांत असल्यामुळे त्याच्या घडणीची तुलना करणे शक्य झाले. मानवाच्या या प्रथिनात 104 अमिनो आम्ले असतात. चिंपांझीच्या प्रथिनाशी ते तंतोतंत जुळते, ऱ्हीसस माकडाच्या प्रथिनाशी केवळ एका जागी भिन्न असते, आणि जसजसे नाते दूरचे तसतसे भेद वाढत जातात. फिच आणि मार्गोलियाश यांनी 1967 मध्ये अशा भेदांवरून जीवसृष्टीची वंशावळ मांडली. पुढे 1996 मध्ये असे आढळले की हेच द्रव्य तंतुकणिकेतून बाहेर पडले की पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू होते. आणि मरावयाची पेशी मरत नाही हे कर्करोगाचे एक प्रमुख लक्षण असल्याने त्या रोगाच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली. महाराष्ट्रात त्या अभ्यासाची पायाभरणी परळ येथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. त्यांच्या सहकारी डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे जिवंत पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. आणि त्या परंपरेतील संशोधनकेंद्र 2002 पासून रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, कार्य करीत आहे.

कमलाबाईंच्या वाट्यास आलेला सन्मान मात्र त्यांच्या योग्यतेच्या मानाने उशिराच आला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदाचा त्यांचा हक्क सुमारे चार वर्षे डावलला गेला आणि मगच ते पद त्यांना मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत काम करून अन्नातील भेसळीविषयी लोकांना सावध केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच, 1998 मध्ये, त्यांचे निधन झाले.

आज कर्जत-खालापूरच्या शाळांतून मुले पेशीची आकृती काढतात आणि केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक अशी नावे बाणांपुढे लिहितात. त्याच तालुक्यांतील कातकरी आणि ठाकर वाड्यांवर बालकांच्या कुपोषणाची चिंता अद्याप मिटलेली नाही. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या दप्तरांत ठेवल्या आहेत, एक शिक्षणखात्याच्या आणि दुसरी आरोग्यखात्याच्या. ज्या स्त्रीने पेशीच्या श्वसनाचा दुवा ओळखला तिनेच वालाच्या पचनाचा विचार केला, आणि तिच्या दृष्टीने ही दोन कामे नव्हती. ती आकृती शिकविताना प्रत्येक अंगकाबरोबर त्यास लागणाऱ्या अन्नाचे, लोहाचे आणि प्रथिनाचे ज्ञान मुलांना मिळाले पाहिजे, आणि हे ज्ञान एका मराठी मुलीने बंद दरवाजासमोर बसून मिळविलेल्या हक्कातून आपल्यापर्यंत आले, हेही त्यांना सांगितले गेले पाहिजे. तसे झाले तर वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलीस विज्ञान हे परक्याचे वैभव वाटणार नाही. स्वतःच्या शरीराचा आणि स्वतःच्या ताटाचा हिशेब मागण्याचे साधन म्हणून ती ते हाती घेईल.